संग्राह्य जॅझ : उपज आणि मुद्रण

जॅझच्या निष्ठावंत श्रोत्याच्या संग्रही कोणत्या ध्वनिमुद्रिका अवश्य असाव्यात, हा प्रश्न वरवर पाहता आवडीनिवडीचा वाटतो. 'सर्वश्रेष्ठ शंभर' अशा धर्तीच्या याद्या पाश्चात्त्य नियतकालिकांतून वेळोवेळी प्रसिद्ध होत असतात आणि त्या बहुतांशी एकमेकींसारख्याच असतात. त्यांचा काहीच उपयोग नाही असे आम्ही म्हणत नाही. नवख्या श्रोत्यास त्या निदान दारापर्यंत आणून सोडतात. परंतु लौकिक, खप आणि कलागुण या तीन भिन्न गोष्टी त्यांत एकाच तागडीत घातल्या जातात, आणि त्यामुळे अमुक एक तबकडी यादीत का आली याचा उलगडा वाचकास होत नाही. आमच्या मते संग्रहाचा विचार करताना प्रश्नच निराळा विचारला पाहिजे : ही तबकडी नसेल तर या कलेविषयीची आपली कोणती समजूत अपुरी राहील?

हा प्रश्न जॅझच्या बाबतीत अधिक बिकट होतो, याचे कारण त्या संगीताच्या स्वरूपातच आहे. युरोपीय अभिजात संगीतात रचनाकाराने लिहिलेली स्वरलिपी ही मूळ संहिता होय. वादन हा तिचा प्रयोग. जॅझमध्ये धून आणि तिच्याखालची कॉर्डांची चौकट एवढेच काय ते आधी ठरलेले असते. खरी रचना वादक त्या त्या क्षणी, आवर्तनामागून आवर्तन घेत, उभी करीत जातो. ख्याल ऐकणाऱ्या आपल्या रसिकांस हे समजावून सांगण्याची गरज नाही. बंदिशीचे शब्द वहीत उतरवून घेता येतात, गाणे उतरवून घेता येत नाही. म्हणून जॅझची संहिता म्हणजे तिची ध्वनिमुद्रिकाच. दुसरी संहिता नाही. आणि संहिता म्हटली की पाठशुद्धीचा प्रश्न आलाच. ज्ञानेश्वरीची पाठशुद्धी शके १५०६ मध्ये एकनाथांस करावी लागली, ही गोष्ट मराठीच्या अध्यापकांस नव्याने सांगावयास नको. तबकड्यांच्या जगातही अपपाठ आहेत, प्रक्षेप आहेत आणि हरवलेली पानेही आहेत. उपजेचा क्षण तबकडीने कसा धरला, कोठे बिघडविला आणि कोठे निसटू दिला, या निकषावर आम्ही येथे बारा ध्वनिमुद्रिकांची निवड करीत आहोत.

प्रारंभ लुई आर्मस्ट्राँगपासून केला पाहिजे. जॅझ या नावाने पहिली तबकडी १९१७ साली निघाली, आणि ती न्यू ऑर्लिन्सच्या गोऱ्या वादकांच्या संचाची होती. ज्या कृष्णवर्णीय समाजात ही कला जन्मली त्याच्या वाट्याला हा अग्रमान आला नाही. परंतु जॅझला एकल वादकाची कला म्हणून प्रतिष्ठा मिळाली ती आर्मस्ट्राँगच्या १९२५ ते १९२८ या काळातील 'हॉट फाइव्ह' व 'हॉट सेव्हन' या संचांच्या मुद्रणांमुळे. तबकडीच्या एका बाजूस सुमारे तीन मिनिटे मावत. तेवढ्यात सर्व काही सांगावयाचे. १९२८ सालच्या 'वेस्ट एंड ब्लूज'च्या आरंभी ट्रंपेटचे जे एकट्याचे वादन येते त्यात ताल अजून सुरूही झालेला नसतो. आणि तरीही पुढच्या सबंध वादनाचा आवाका त्यात सूचित झालेला असतो. काळाची मर्यादा येथे कलेस जाचक न होता तिला घाट देणारी ठरली. आपल्याकडे ख्यालगायकांनाही याच तीन मिनिटांशी सामना द्यावा लागला. १९७७ साली अंतराळात गेलेल्या व्हॉयेजर यानांतील सुवर्ण-तबकडीवर आर्मस्ट्राँगच्या 'हॉट सेव्हन'चे 'मेलँकोली ब्लूज' आहे आणि गोव्याच्या सुरश्री केसरबाई केरकरांची 'जात कहाँ हो' ही भैरवीही आहे. मानवजातीची ओळख म्हणून पाठविलेल्या त्या संग्रहात या दोघांचे शेजार लाभणे यथायोग्यच होय, असे आम्हांस वाटते.

दुसरा संग्रह ड्यूक एलिंग्टनच्या वाद्यवृंदाच्या १९४० ते १९४२ या वर्षांतील मुद्रणांचा. एलिंग्टन पियानो वाजवी, पण त्याचे खरे वाद्य म्हणजे त्याचा वाद्यवृंद. तो ट्रंपेटसाठी लिहीत नसे, कूटी विल्यम्ससाठी लिहीत असे. त्यामुळे लिखित रचना आणि वादकाची उपज यांतील सीमारेषा त्याच्या संगीतात पुसट होते. तरुण जिमी ब्लँटनने डबल बासला निव्वळ ठेका धरणाऱ्या साथीदाराच्या जागेवरून उठविले आणि त्यास बोलावयास लावले. हा वादक १९४२ मध्ये अवघ्या तेविसाव्या वर्षी वारला. ही मुद्रणे नसती तर त्याने काय केले याची वार्ताच उरली असती.

तिसरी निवड बिली हॉलिडेची. तिच्या १९३७ च्या आसपासच्या मुद्रणांची, ज्यांत लेस्टर यंगचा सॅक्सोफोन तिच्या गाण्याच्या मागेपुढे वावरतो. गायिकांस जॅझच्या संग्रहात दुय्यम जागा देण्याची प्रवृत्ती आम्हांस मान्य नाही. तिला गावयास मिळालेली गीते पुष्कळदा सामान्य, बाजारी होती. मूळ चाल ती क्वचितच जशीच्या तशी गाते; एखादा शब्द किंचित मागे ठेवते, एखादा स्वर सपाट करून सोडते, आणि ज्या ओळीत अर्थ नव्हता तीत अर्थ निर्माण होतो. उपज म्हणजे तानांची आतषबाजी असे मानणाऱ्याने ही तबकडी प्रथम ऐकावी.

यानंतर संहितेतील पहिले हरवलेले पान येते. १ ऑगस्ट १९४२ रोजी अमेरिकन वादक-संघाने, त्याचे अध्यक्ष जेम्स पेट्रिलो यांच्या नेतृत्वाखाली, ध्वनिमुद्रणावर बहिष्कार पुकारला. तबकड्या आणि नभोवाणी यांमुळे प्रत्यक्ष वादकांची मिळकत बुडते, हे त्याचे कारण. आणि ते कारण खोटे नव्हते. काही कंपन्यांनी आधीच तडजोड केली. दोन प्रमुख कंपन्यांचा तंटा १९४४ च्या अखेरीस मिटला. नेमक्या याच दोन वर्षांत हार्लेममधील 'मिंटन्स प्लेहाउस'सारख्या ठिकाणी रात्री-अपरात्री जमणारे तरुण वादक जॅझचे व्याकरण बदलीत होते. त्यामुळे बीबॉपचा जन्म जवळजवळ अमुद्रित राहिला. चार्ली पार्करचे 'को-को' २६ नोव्हेंबर १९४५ रोजी मुद्रित झाले तेव्हा ऐकणाऱ्यास ते आकाशातून पडल्यासारखे वाटले असल्यास नवल नाही. मधले टप्पे त्याने ऐकलेच नव्हते. 'चेरोकी' या लोकप्रिय गीताची कॉर्डांची चौकट तेवढी ठेवून पार्करने तिच्यावर इतक्या वेगाने आणि इतक्या सुसंगतपणे नवी वास्तू उभारली आहे की मूळ गीत ओळखूही येऊ नये. पार्करची १९४४ ते १९४८ मधील सव्हॉय आणि डायल या कंपन्यांसाठीची मुद्रणे ही आमची चौथी निवड. त्यांत एकाच रचनेचे दोन-तीन प्रयत्न ऐकावयास मिळतात. चौकट तीच, पण उपज दर वेळी निराळी; पाठभेदांचा अभ्यास कसा करावा याचा हा वस्तुपाठच होय.

१९४८ साली लाँग-प्ले तबकडी आली आणि एका बाजूस वीस मिनिटांहून अधिक वादन मावू लागले. तीन मिनिटांचे बंधन सुटले. पण त्याबरोबर जोडकामाची सोयही वाढली, आणि प्रामाणिकपणाचा प्रश्न उभा राहिला. या दृष्टीने पुढील दोन तबकड्या शेजारी ठेवून ऐकण्याजोग्या आहेत.

पहिली 'एलिंग्टन ॲट न्यूपोर्ट'. ७ जुलै १९५६ च्या रात्री न्यूपोर्टच्या महोत्सवात एलिंग्टनच्या १९३७ मधील 'डिमिन्युएंडो अँड क्रेसेंडो इन ब्लू' या द्विदल रचनेच्या दोन भागांना जोडणारा दुवा म्हणून पॉल गोन्साल्व्हिस सॅक्सोफोन घेऊन उभा राहिला आणि ब्लूजची सलग सत्तावीस आवर्तने वाजवून गेला. श्रोतृवृंद बेभान झाला, आणि उतरणीस लागलेल्या एलिंग्टनच्या वाद्यवृंदास नवे आयुष्य लाभले. हे आडनाव वाचून गोमंतकीय वाचकास तो आपल्यापैकी वाटेल. परंतु त्याचे घराणे मूळचे केप व्हर्दचे, म्हणजे पोर्तुगीजांच्याच दुसऱ्या एका वसाहतीतले. असो. त्या रात्रीची म्हणून जी तबकडी बाजारात आली तिच्यातील बराच भाग मात्र नंतर मुद्रणशाळेत पुन्हा वाजवून घेतलेला होता, आणि त्यावर टाळ्यांचा गजर वरून चढविलेला होता. खुद्द गोन्साल्व्हिसचे वादन त्या रात्रीचेच. पण तो आपल्या कंपनीच्या ध्वनिग्राहकापुढे न वाजविता 'व्हॉइस ऑफ अमेरिका'च्या ध्वनिग्राहकापुढे वाजवीत राहिला, म्हणून ते दूरचे, दबलेले ऐकू येई. पुढे त्या नभोवाणीच्या फितीशी मूळ मुद्रण जुळवून १९९९ साली शुद्ध आवृत्ती निघाली. संग्रहात ठेवावयाची ती हीच. प्रक्षेपांनी भरलेली पोथी त्रेचाळीस वर्षे प्रमाण मानली गेली, ही गोष्ट ज्याला अस्वस्थ करीत नाही त्याने संग्रहाच्या भानगडीत पडू नये.

दुसरी थिलोनियस मंकची 'ब्रिलियंट कॉर्नर्स'. हिचे शीर्षकवादन १९५६ च्या ऑक्टोबरात मुद्रित करताना पंचवीस प्रयत्न झाले आणि एकही पूर्णत्वास गेला नाही. आवर्तनागणिक लय दुप्पट व्हावी आणि पुन्हा मूळ पदावर यावी, अशी ती रचना. सोनी रोलिन्स आणि मॅक्स रोच यांच्यासारख्या वादकांसही ती दमवून गेली. अखेर निर्माते ऑरिन कीपन्यूज यांनी निरनिराळ्या प्रयत्नांतील तुकडे जोडून ती पूर्ण केली. हेही जोडकामच, मग न्यूपोर्टच्या तबकडीस दोष द्यावयाचा आणि हिला द्यावयाचा नाही, हा पक्षपात नव्हे काय? आमच्या मते नव्हे. न्यूपोर्टच्या जोडकामाने घडलेल्या प्रसंगाचे सोंग आणले. मंकच्या जोडकामाने रचनाकाराच्या मनातील जी आकृती वादकांच्या हातून एका दमात उतरेना ती साकार केली. श्रोत्यास येथे कोणतीही खोटी साक्ष दिली जात नाही. रचना अजून वादकांच्या पुढे आहे, हा ताण ऐकताना जाणवत राहतो, आणि तोच या तबकडीचा रस आहे.

१९५९ हे वर्ष जॅझच्या इतिहासात विलक्षण सुपीक गेले. त्यातील तीन तबकड्या आम्ही घेतो आणि एक बाजूस ठेवतो. माइल्स डेव्हिसची 'काइंड ऑफ ब्लू' बहुतेक याद्यांत अग्रस्थानी असते. ती २ मार्च आणि २२ एप्रिल अशा दोन दिवसांत न्यूयॉर्कमध्ये मुद्रित झाली. बीबॉपमध्ये कॉर्डा इतक्या झपाट्याने बदलत की वादकाची बुद्धी त्यांच्यामागे धावण्यातच खर्ची पडे. माइल्सने कॉर्डांची ही रहदारी थांबविली आणि वादकाच्या हाती काही स्वरसप्तके दिली. 'सो व्हॉट'च्या बत्तीस मात्रागटांपैकी पहिले सोळा एका सप्तकात, आठ अर्ध्या स्वराने वरच्या सप्तकात आणि अखेरचे आठ पुन्हा पहिल्यात. एका स्वरसमूहात राहून त्याची बढत करणे म्हणजे काय, हे रागसंगीताच्या श्रोत्यास या तबकडीत लगेच ओळखू येते. तथापि साम्य येथेच थांबते, हेही ध्यानी ठेवले पाहिजे. रागास जे चलन आणि वादी-संवादींचे नाते असते ते येथे नाही. या प्रसिद्ध तबकडीतही एक अपपाठ होता. मार्चमधील मुद्रणाचे यंत्र किंचित मंद चालल्यामुळे पहिल्या बाजूवरील तिन्ही वादने मूळ स्वरापेक्षा चढी उमटली, आणि ती दुरुस्ती व्हावयास १९९२ साल उजाडले. तोवर जगभर किती तरुण वादकांनी त्या तबकडीबरोबर आपली वाद्ये जुळविण्याचा खटाटोप केला असेल!

चार्ल्स मिंगसची 'मिंगस आह अम' ही दुसरी. तीत लेस्टर यंगच्या मृत्यूनंतर रचलेले शोकवादन आहे, चर्चमधील सामूहिक गायनाचा उल्हास आहे आणि 'फेबल्स ऑफ फॉबस' हे उपहासवादनही आहे. १९५७ साली लिटल रॉक येथील शाळेत नऊ कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांस प्रवेश मिळू नये म्हणून सैनिक उभे करणारा आर्कान्सासचा गव्हर्नर ऑर्व्हल फॉबस हा या उपहासाचा विषय. १९५९ च्या तबकडीवर या रचनेस शब्द नाहीत. १९६० साली दुसऱ्या, लहान कंपनीसाठी मिंगसने ती शब्दांसह मुद्रित केली. दोन्ही ऐकावीत. शब्दांच्या पाठात संताप आहे. नि:शब्द पाठात वाद्यांची वेडावणारी चाल आहे, आणि आम्हांस ती अधिक झोंबणारी वाटते.

तिसरी ऑर्नेट कोलमनची 'द शेप ऑफ जॅझ टू कम'. पियानो काढून टाकल्यामुळे कॉर्डांची चौकटच नाहीशी झाली. धून संपली की सॅक्सोफोन आणि डॉन चेरीचा कॉर्नेट जिकडे स्वर नेईल तिकडे जातात. अनेकांनी त्या काळी हिला अनाचार म्हटले. 'लोनली वूमन'मध्ये खालचा ताल धावत असतो आणि वरची धून त्याच्याशी न बांधली जाता रेंगाळत असते. त्या विसंगतीतून जो एकाकीपणा प्रकट होतो तो नियम न मोडता प्रकट झाला असता असे आम्हांस वाटत नाही. बाजूस ठेविलेली तबकडी म्हणजे डेव्ह ब्रुबेकची 'टाइम आउट'. पाच आणि नऊ मात्रांच्या लयी तिने लोकप्रिय केल्या, हे तिचे ऋण मान्य केले पाहिजे. परंतु झपताल आणि मत्तताल ज्याच्या कानावरून गेले आहेत त्यास मात्रांच्या संख्येचे अप्रूप वाटत नाही. त्या मात्रांत काय घडते हे तो विचारतो, आणि पॉल डेझमंडचे मधुर वादन सोडले तर उत्तर त्रोटक मिळते.

दहावी निवड बिल इव्हान्सच्या त्रयीची, २५ जून १९६१ रोजी न्यूयॉर्कच्या 'व्हिलेज व्हँगार्ड' या तळघरातील मैफलीत मुद्रित झालेली. पियानो, बास आणि ड्रम यांत मुख्य कोण आणि साथीदार कोण हे येथे सांगता येत नाही. तिघांचे संभाषण चालू आहे. श्रोत्यांचे बोलणे, पेल्यांचा किणकिणाट, सारे काही तबकडीत उतरले आहे. बासवादक स्कॉट लाफारो यानंतर अकराच दिवसांनी मोटार-अपघातात गेला, वय पंचवीस. त्या दिवसाच्या समग्र आवृत्तीत पहिले वादन वीज गेल्यामुळे मध्येच खंडित झालेले ऐकू येते. संपादकांनी तो खंड लपविला नाही, हे त्यांनी उत्तम केले.

अकरावी जॉन कोल्ट्रेनची 'अ लव्ह सुप्रीम', ९ डिसेंबर १९६४ रोजी मुद्रित झालेली. चार स्वरांचे एक लहानसे पद पहिल्या भागात येते. कोल्ट्रेन ते बाराही स्वरस्थानांवरून फिरवितो, जणू कोणतीही दिशा वगळावयाची नाही. अखेरच्या 'साम' या भागात ताल जवळजवळ विरतो. तबकडीच्या वेष्टनावर कोल्ट्रेनने लिहिलेली एक प्रार्थना छापली आहे. त्या प्रार्थनेची अक्षरे सॅक्सोफोनच्या स्वरांशी एकास एक जुळतात, हे अभ्यासकांनी ताडून दाखविले आहे. शब्द न उच्चारता केलेले हे पठण होय. याच कृतीच्या सिएटल येथील १९६५ च्या मैफलीचे मुद्रण २०२१ साली प्रसिद्ध झाले, आणि दहा महिन्यांत वादकाने आपलीच रचना किती मोकळी केली हे तेव्हा कळले. ते प्रसिद्ध होईतो मुद्रणशाळेतील पाठच अंतिम असे पुष्कळांस वाटत होते.

बारावी निवड करताना आम्ही आमच्या परिसराकडे वळतो, आणि ती मुद्दाम करतो. मुंबईत जन्मलेला गोमंतकीय वंशाचा गिटारवादक अमान्सिओ डिसिल्व्हा याने १९६९ साली लंडनमध्ये, मूळच्या जमैकाच्या ज्यो हॅरियटसमवेत 'हम दोनों' ही तबकडी केली. वरील अकरांच्या तोलाची ती आहे असा आमचा दावा नाही. परंतु ती नसेल तर आपली कोणती समजूत अपुरी राहील, या प्रश्नास तिच्यापाशी उत्तर आहे. गोव्यातील चर्चशी संलग्न शाळांतून स्वरलिपीचे शिक्षण घेतलेले शेकडो वादक मुंबईस आले. १९३५ पासून ताजमहाल हॉटेलात लिऑन ॲबी, पुढे टेडी वेदरफर्ड यांसारखे कृष्णवर्णीय अमेरिकन वादक येऊ लागले, आणि त्यांच्या सहवासात या गोमंतकीयांनी जॅझ आत्मसात केले. हळदोण्याच्या आन्तोनिओ झेव्हियर वाझ यांनी, म्हणजे 'चिक चॉकलेट' यांनी, आर्मस्ट्राँगला गुरुस्थानी मानले. १९५१ च्या 'अलबेला'त सी. रामचंद्रांच्या संगीताला जो नवा झोक आला त्यामागे चिक चॉकलेट यांचा हात होता. पण चित्रपटाच्या तबकडीवर अशा वादकांची नावे सहसा छापली गेली नाहीत, आणि रात्री हॉटेलांतून त्यांनी जी मनमुक्त उपज केली तिची मुद्रणे फारच थोडी आहेत. नरेश फर्नांडिस यांच्या 'ताजमहाल फॉक्सट्रॉट' या २०१२ सालच्या इंग्रजी ग्रंथाने हा इतिहास शब्दांत पुष्कळसा सावरला; नाद सावरणे शब्दांस शक्य नाही.

म्हणून संग्राहकाने आपल्या कपाटात मिंटन्सच्या त्या दोन वर्षांसाठी जशी एक मोकळी जागा मनाने राखावी, तशीच मुंबईच्या या रात्रींसाठीही राखावी. आणि ज्या संस्था मराठी प्रदेशाच्या सीमेवर राहून भाषेची कागदपत्रे जपतात, त्यांनी चिक चॉकलेट यांच्या संचाच्या व त्यांच्या समकालीनांच्या ज्या जुन्या तबकड्या घरोघरी उरल्या असतील त्या मिळवून, त्यांवरील वादकांची नावे हयात जाणकारांकडून विचारून नोंदवून ठेवावीत. तबकडी झिजली तरी तिच्यावरून नवी प्रत काढता येते. नाव सांगणारे माणूस गेले, तर तबकडी हाती असूनही ती वाजविणारा कोण हे कोणास सांगता येणार नाही.